विरणारा प्रकाश कोणत्या बाजूला फिरतो

प्रकाशविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या नोंदवहीत 'पी-पोलराइज्ड, 633 नॅनोमीटर' ही नोंद पानोपानी सापडते. मांडणी सर्वांच्या हाताखालची असते. काचेचा एक प्रिझम, त्याच्या एका बाजूवर सुमारे 50 नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर, लाल लेझर आणि लेझरच्या वाटेत एक पोलरायझर. विद्युत क्षेत्राचे आंदोलन आपतन प्रतलात आणले की 'पी', त्याला काटकोनात नेले की 'एस'. प्रिझम हळूहळू वळवत गेले की 44 अंशांच्या आसपास परावर्तित प्रकाश एकदम मंदावतो. आलेखातल्या या खोल खड्ड्याला आम्ही 'डिप' म्हणतो. डिप दिसला, की प्रकाशाची ऊर्जा सोन्याच्या पृष्ठभागाला चिकटून धावणाऱ्या तरंगात, म्हणजे सर्फेस प्लाझ्मॉनमध्ये, गेली असे समजायचे. क्रेट्शमान आणि रेथर यांनी 1968 मध्ये दाखवलेली ही पद्धत आज रेणू एकमेकांना कसे चिकटतात हे पाहणाऱ्या संवेदकांचा पाया आहे. 'पी' असेल तरच डिप येतो, 'एस'ला येत नाही. म्हणून 'पी' लिहायचे, आणि 'पी' म्हणजे रेषीय ध्रुवण हे इतके गृहीत धरलेले असते की पुढे त्याचा विचारही होत नाही. मला इथेच अडायचे आहे. ती नोंद प्रिझमच्या आत खरी आहे. ज्या तरंगासाठी एवढा खटाटोप केला त्या तरंगाबद्दल मात्र ती चुकीची आहे. पृष्ठभागावरच्या तरंगाचे ध्रुवण आपण पोलरायझर फिरवून त्याला देत नाही. पृष्ठभागाशी बांधले जाण्याची अट म्हणून ते त्याच्यात येते, आणि ते रेषीय नसते, ते फिरते असते. त्या फिरण्याला कोनीय संवेग असतो आणि त्याचा अक्ष तरंगाच्या वाटेला आडवा असतो.

हे पचायला जड जाते, याचे कारण आपल्या शिक्षणात आहे. फ्रेनेलपासून आपण शिकत आलो की प्रकाश हा अवतरंग आहे: तो जिकडे जातो त्याला लंब दिशेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे हलतात, वाटेच्या दिशेने काहीच हलत नाही. क्षेत्र फक्त त्या लंब प्रतलातच फिरू शकत असेल, तर फिरण्याचा अक्ष वाटेच्याच दिशेने असणार. पॉइंटिंग यांनी 1909 मध्ये वर्तुळध्रुवित प्रकाशाला असा संवेग असला पाहिजे असे सुचवले. 1931 मध्ये रामन आणि भगवंतम यांनी विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून फोटॉनच्या स्पिनचा पुरावा मांडला. 1936 मध्ये रिचर्ड बेथ यांनी क्वार्ट्झच्या बारीक तंतूवर तरंगपट्टिका टांगली, तिच्यातून वर्तुळध्रुवित प्रकाश सोडला आणि पट्टिका प्रत्यक्ष वळते हे मोजून दाखवले. विसाव्या शतकातले हे फार नाजूक आणि फार सुंदर मापन आहे. पण या साऱ्या परंपरेतून एक समजूत घट्ट बसली: स्पिन म्हणजे किरणाच्या दिशेने किंवा तिच्या बरोबर उलट, फोटॉनमागे अधिक एक किंवा उणे एक एकक, आणि रेषीय प्रकाशात शून्य. मोकळ्या अवकाशातल्या रुंद शलाकेसाठी यात काही चूक नाही. पृष्ठभागाशी बांधलेला तरंग मात्र रुंद शलाका नसतो.

तर्क छोटा आहे आणि गणिताच्या एका ओळीत मावतो. जिथे विद्युत प्रभार नाही तिथे विद्युत क्षेत्राच्या रेषा सुरू होत नाहीत आणि संपतही नाहीत, हा गाउसचा नियम. साध्या सपाट तरंगाला हा नियम सांगतो की वाटेच्या दिशेचा घटक शून्य हवा. आता पृष्ठभागाला लंब दिशेत विरत जाणारा तरंग घ्या. पृष्ठभागापासून वर जावे तसे लंब घटक कमी कमी होतो. म्हणजे खालून जितक्या रेषा येतात त्यापेक्षा वरून कमी बाहेर पडतात. उरलेल्या रेषा कुठेतरी जायला हव्यात, आणि त्यांना जायला एकच दिशा मोकळी असते, ती तरंगाच्या वाटेची. म्हणून विरणाऱ्या तरंगात वाटेच्या दिशेचा घटक असतोच. तो किती असावा हेही नियमच ठरवतो: विरण्याचा दर भागिले तरंगाचा पुढे जाण्याचा तरंगांक, या गुणोत्तराइतका. लंब घटक जिथे सर्वात मोठा असतो तिथे वाटेचा घटक शून्य असतो, आणि उलटही तसेच, कारण एकाचे विरणे दुसऱ्याच्या वाटेवरच्या चढउताराने भरून काढायचे असते. दोन काटकोनी घटक आणि त्यांच्यात पाव आवर्तनाचा कलाफरक म्हणजे लंबवर्तुळ. एवढ्या युक्तिवादात ना सोने आले, ना लेझर आला, ना क्वांटम सिद्धान्त.

हेच चित्र कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहता येते. खोल पाण्यातली लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी उभ्या वर्तुळात फिरते. त्यामागचे कारणही तेच. पाणी दाबले जात नाही, म्हणून त्याच्या वेगाला तोच नियम लागू होतो जो प्रभारमुक्त जागेतल्या विद्युत क्षेत्राला लागू आहे, आणि लाटेची हालचाल खोलीबरोबर विरत जाते. पाण्याच्या बाबतीत विरण्याचा दर आणि तरंगांक सारखेच असतात, म्हणून लंबवर्तुळाचे पूर्ण वर्तुळ होते. प्रकाशाच्या पृष्ठतरंगात हवेच्या बाजूला विरण्याचा दर नेहमी तरंगांकापेक्षा कमी असतो, म्हणून लंबवर्तुळ राहते. तरंग जितका जास्त आवळून पृष्ठभागाशी बांधावा तितके ते वर्तुळाच्या जवळ जाते. शंभराहून अधिक वर्षे भौतिकीच्या पुस्तकांत लाटेचे हे वर्तुळ आहे आणि त्याला कोणी विचित्र म्हणत नाही. प्रकाशाच्या बाबतीत तीच गोष्ट 2012 मध्ये कॉन्स्टंटिन ब्लिओख आणि फ्रँको नोरी यांनी 'आडवा स्पिन' या नावाने मांडली, तेव्हा ती नवीन वाटली. लंबवर्तुळ आधीपासून सूत्रांमध्ये होते. त्याला कोनीय संवेग म्हणून वाचण्याची दृष्टी नवीन होती.

आकडे घातले की चित्र अधिक ठोस होते. 1.5 अपवर्तनांकाच्या काचेत 45 अंशांनी 'पी' प्रकाश पाठवा. पूर्ण आंतरिक परावर्तन होते, आणि काचेबाहेर हवेत विरणाऱ्या तरंगात वाटेचा घटक लंब घटकाच्या बरोबर एक-तृतीयांश येतो. कोन 60 अंश केला तर तो 0.64 पर्यंत चढतो. चांदीवरच्या प्लाझ्मॉनचे गणित आणखी सोपे आहे. हवेच्या बाजूला हे गुणोत्तर धातूच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या केवल मूल्याच्या वर्गमुळाचा व्यस्त असते. 633 नॅनोमीटरला चांदीसाठी तो स्थिरांक उणे 18 च्या आसपास धरला, तर हवेत 0.24 मिळते. म्हणजे उभे, अरुंद लंबवर्तुळ, रुंदी उंचीच्या जेमतेम पावपट. धातूच्या आत हेच गुणोत्तर उलटे होऊन 4.2 होते: तिथे लंबवर्तुळ आडवे पडते आणि उलट दिशेने फिरते. हवेत हा तरंग सुमारे 400 नॅनोमीटरपर्यंत पोचतो, चांदीत सुमारे 23. फिरण्याची दिशा लक्षात ठेवायला एकच नियम पुरतो. एका बिंदूवर थांबून पाहिले तर क्षेत्र आधी पुढे वळते, मग विरण्याच्या दिशेने, मग मागे. हवेत विरणे वर आहे, धातूत खाली, म्हणून दोन्हीकडची फिरत उलट. या विषयावर लिहिणारे अनेकदा चाकाची उपमा देतात आणि ती सुंदर आहे, पण ती जपून वापरावी लागते. पृष्ठभागावरून पुढे घरंगळणाऱ्या चाकाची फिरत धातूच्या आतल्या क्षेत्राशी जुळते. हवेतले क्षेत्र त्याच्या उलट फिरते, आणि आमची बहुतेक मापने हवेतच होतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात प्रामाणिक आक्षेप असा: प्रिझममध्ये आलेला प्रकाश रेषीय होता, त्याचा स्पिन शून्य होता, मग बाहेर स्पिन आला कुठून? कोनीय संवेग टिकतो ना? टिकतो, पण कोणाचा, हे पाहायला हवे. ज्या अक्षाभोवती सारी मांडणी फिरवली तरी काही बदलत नाही, त्याच अक्षाभोवतीचा संवेग प्रकाशाकडे टिकून राहतो. इथे स्पिनचा अक्ष पृष्ठभागात आडवा आहे. त्याच्याभोवती फिरवले तर काच वर जाईल आणि हवा खाली येईल, म्हणजे मांडणीच बदलेल. त्यामुळे या अक्षाभोवतीचा हिशेब प्रकाश आणि प्रिझम मिळूनच पुरा होतो. पृष्ठभाग हा हिशेबातला तिसरा पक्ष आहे, आणि 'पी म्हणजे रेषीय' असे लिहिताना आपण नेमके त्यालाच वगळतो. असाच प्रश्न 'एस'बद्दल विचारतात: तिथे विद्युत क्षेत्र पृष्ठभागाला समांतर, एकाच दिशेत हलते, मग फिरणे कुठे गेले? ते चुंबकीय क्षेत्रात गेले. चुंबकीय रेषांनाही सुरुवात आणि शेवट नसतो, म्हणून काचेबाहेरच्या 'एस' तरंगात चुंबकीय क्षेत्र तेवढेच आणि त्याच बाजूला फिरते. तरंगात ठेवलेला सोन्याचा सूक्ष्म कण त्याला दाद देत नाही, कारण दृश्य प्रकाशात असे कण मुख्यतः विद्युत क्षेत्राला प्रतिसाद देतात. प्रतिसाद न मिळणे ही शोधकाची मर्यादा आहे, त्यावरून तरंगात काही नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप सिद्धान्ताकडून येतो. विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या एकूण कोनीय संवेगाची स्पिन आणि कक्षीय अशी फोड करणे ही मापनाची नव्हे, मांडणीची बाब आहे, असे जुने मत आहे, आणि त्यात तथ्य आहे. संपूर्ण तरंगाचा स्पिन किती असा एकच आकडा मांडताना, विशेषतः धातूच्या आत, सूत्र कोणते घ्यायचे याची काळजी घ्यावीच लागते. पण एका जागी क्षेत्राचे टोक लंबवर्तुळ काढते की नाही, आणि कोणत्या बाजूने, हा प्रश्न त्या वादात सापडत नाही. प्रकाश शोषणारा, तरंगलांबीपेक्षा बराच लहान गोल कण तिथे ठेवला तर त्याच्यावर पीळ पडतो, आणि तो पीळ त्या जागच्या लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. बेथ यांची पट्टिका जशी किरणाच्या अक्षाभोवती वळली, तसा हा कण वाटेला आडव्या अक्षाभोवती फिरू पाहतो. फरक अक्षाचा आहे, वास्तवाचा नाही. 2016 मध्ये ब्रिस्टॉल विद्यापीठातल्या गटाने अतिसूक्ष्म लवचिक पट्टी विरणाऱ्या तरंगात धरून, स्पिनशी निगडित असलेले क्षीण आडवे बल मोजल्याचे प्रसिद्ध केले. अशा बलाची मोजणी फारच अवघड असते, आणि म्हणूनच मला त्या कामाचे मोल वाटते. शब्दांवरचा वाद यंत्रापर्यंत नेण्याची हीच वाट आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वात जास्त आवडतो, कारण तो कामाच्या बाकावरून येतो. तो असा: पृष्ठभागाजवळ वर्तुळध्रुवित प्रकाशाने कण उजळवला की पृष्ठतरंग एकाच बाजूला धावतो हे खरे, पण ते तर दोन द्विध्रुवांचे साधे व्यतिकरण आहे. उभा द्विध्रुव दोन्ही बाजूंना सारखे तरंग पाठवतो, आडवा द्विध्रुव उलट चिन्हांचे, पाव आवर्तनाचा फरक दिला की एका बाजूला बेरीज आणि दुसरीकडे वजाबाकी. स्पिन हा शब्द कशाला हवा? 2013 मध्ये फ्रान्सिस्को रोड्रिगेस-फोर्तुन्यो आणि सहकाऱ्यांनी हा परिणाम दाखवला, तेव्हा लेखाच्या शीर्षकातच व्यतिकरण होते. माझे उत्तर असे की दोन्ही वर्णने एकच आहेत, पण व्यतिकरणाच्या वर्णनात एक प्रश्न अनुत्तरित राहतो: आडव्या द्विध्रुवाचे चिन्ह उलट आणि कलाफरक नेमका पाव आवर्तनच का? धातू बदला, काच घ्या, तरंगलांबी बदला, थराची जाडी बदला, तरी तो पावच. कारण तो त्या-त्या साधनाचा गुण नाही, गाउसच्या नियमाचा आहे. स्पिनची भाषा ही सार्वत्रिकता पकडते. व्यतिकरणाच्या भाषेत तीच गोष्ट प्रत्येक मांडणीसाठी नव्याने मोजावी लागते.

पण स्पिनची भाषा वापरणाऱ्यांनाही एक सावधगिरी शिकायला हवी, आणि इथे आकडे आमच्या उत्साहाला आवर घालतात. वर्तुळात फिरणारा द्विध्रुव चांदीवर ठेवला तर प्लाझ्मॉन शंभर टक्के एकाच बाजूला जाईल का? नाही. चांदीवरचे लंबवर्तुळ अरुंद आहे. द्विध्रुवाचे वर्तुळ त्याच्याशी एका बाजूला 1 अधिक 0.24 आणि दुसऱ्या बाजूला 1 वजा 0.24 इतके जुळते. वर्ग केले की दोन बाजूंच्या तीव्रतेचे गुणोत्तर सुमारे 2.6 येते. काचेजवळ असाच द्विध्रुव ठेवून काचेत 45 अंशांच्या दोन बाजूंना जाणारा प्रकाश पाहिला तर गुणोत्तर बरोबर 4 येते. पूर्ण एकेरी वाट हवी असेल तर द्विध्रुवालाही लंबवर्तुळात फिरवावे लागते, आणि तेही तरंगाच्या लंबवर्तुळाला काटकोनात: चांदीसाठी वाटेच्या दिशेत लंब दिशेच्या चौपटीहून थोडे जास्त. म्हणजे 'स्पिन आणि दिशा कुलूपबंद आहेत' हे विधान तरंगाबद्दल अचूक आहे, पण तुमच्या साधनातून किती टक्के प्रकाश एका बाजूला जाईल हे ते सांगत नाही. ते लंबवर्तुळाचा आकार सांगतो. कामाच्या आराखड्यात हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर क्वार्टर-वेव्ह प्लेट अचूक 45 अंशांवर लावूनही अर्धवट निकाल मिळतो आणि दोष उगाच थराच्या गुणवत्तेवर जातो.

दिशा बदलली म्हणजे आडवा स्पिन सापडला, असेही समजू नये. त्याच 2013 मध्ये फेदेरिको कपासो यांच्या हार्वर्डमधल्या गटाने सोन्याच्या थरात तिरप्या खाचांच्या ओळी कोरून, सरळ वरून पाडलेल्या प्रकाशाच्या वर्तुळध्रुवणानुसार प्लाझ्मॉन डावीकडे किंवा उजवीकडे पाठवले. तिथे दिशा खाचांच्या वळणांतून आणि त्यांच्यातल्या अंतरांतून ठरते. प्रकाशाचा स्पिन पृष्ठभागाला लंब असतो, पृष्ठतरंगाचा आडवा स्पिन कामाला येत नाही. खाच वळवली की कला बदलते, ही भूमितीतून येणारी कला, आणि तिचे नाते एस. पंचरत्नम यांच्या 1956 च्या कामाशी आहे. खाचांच्या आणि कणाच्या अशा दोन्ही प्रयोगांत क्वार्टर-वेव्ह प्लेट फिरवली की प्रकाश बाजू बदलतो. बाहेरून ते जुळे भासतात. पण एकात कोरीवकामाशिवाय काही होत नाही, आणि दुसऱ्यात एक सपाट पृष्ठभाग आणि एक कण पुरतो.

राहिला नावाचा मोह. 2015 मध्ये ब्लिओख, स्मिर्नोव्हा आणि नोरी यांनी या गुणधर्माला प्रकाशाचा क्वांटम स्पिन हॉल परिणाम म्हटले. साम्य खरे आहे: दिशा उलटली की स्पिन उलटतो, आणि हे सीमेवरच घडते. पण इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत त्या नावाबरोबर एक संरक्षण येते: चुंबकीय नसलेल्या दोषावर आपटून इलेक्ट्रॉन मागे फिरू शकत नाही. फोटॉन हा बोसॉन आहे, त्याला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. सोन्याच्या थरावर ओरखडा असेल तर प्लाझ्मॉन त्यावरून मागे परततो, आणि परतताना त्याचा स्पिन निमूटपणे उलटतो, कारण कुलूप स्पिन आणि दिशेत आहे, दिशेला बाहेरून अडवणारे कोणी नाही. नाव ऐकून ओरखड्यांची चिंता सोडणे महागात पडेल.

शेवटी एक व्यावहारिक शंका उरते. पृष्ठभागापासून काही शे नॅनोमीटरांत संपणाऱ्या क्षेत्राचे ध्रुवण जाणून करायचे काय? जगदीशचंद्र बोस यांनी 1897 मध्ये काचेच्या दोन ठोकळ्यांमधली हवेची फट बदलत, पूर्ण परावर्तनापलीकडे सरकणारे विद्युततरंग पाहिले. त्यांचे तरंग मिलिमीटर-सेंटिमीटरांचे होते, म्हणून ती फटही हाताने हलवण्याजोगी होती. विरणारे क्षेत्र हे केवळ सूत्रातले शेपूट नाही, ते पलीकडे ऊर्जा पोचवते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. आता आपण तेच क्षेत्र प्रकाशाच्या तरंगलांबीवर, एका अणूपर्यंत नेतो. 2014 मध्ये व्हिएन्नातल्या आर्नो राउशेनबॉइटेल यांच्या गटाने प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक ओढलेल्या काचतंतूवर सोन्याचा एक नॅनोकण बसवला आणि बाजूने पडणाऱ्या प्रकाशाचे वर्तुळध्रुवण बदलून तंतूतला प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळवला. त्याच वर्षी त्यांनी कण काढून तिथे सीझियमचे अणू पकडले. अणूने सोडलेला फोटॉन तंतूत डावीकडे जाईल की उजवीकडे, हे अणूच्या अंतर्गत अवस्थेवरून ठरवता आले. तंतूच्या वरच्या अंगाला क्षेत्र वरच्या दिशेने विरते, खालच्या अंगाला खालच्या दिशेने, म्हणून एकाच तरंगाची फिरत दोन अंगांना उलट असते. अणू दोन्ही अंगांना ठेवले असते तर एकाची डावी दुसऱ्याची उजवी झाली असती. म्हणून त्यांनी ते एकाच अंगाला ठेवले.